मधुमेह आणि अन्नातील संरक्षक द्रव्ये

करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल फार दिवस उघडे राहिले म्हणजे त्यास खवट वास येऊ लागतो. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तेल बिघडते. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. तेलात मुळातच असलेले ‘ई’ जीवनसत्त्व ही क्रिया काही काळ थोपवून धरते. मनुष्याच्या शरीरातही अशीच क्रिया सतत चालू असते, व मधुमेहात तिचा जोर वाढतो.

मधुमेह हा आता केवळ शहरवासीयांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेही लोकांची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचे अनुमान निघाले. ग्रामीण प्रौढांत हे प्रमाण शेकडा ८.९ होते.

इजा कशी होते?

पेशींमध्ये साखर जळून शक्ती उत्पन्न होते. या कामी प्राणवायूचे काही अतिक्रियाशील कण तयार होतात. निरोगी शरीरातील संरक्षक द्रव्ये त्यांचा बंदोबस्त करतात. परंतु चुलीत मावेल त्याहून अधिक सरपण कोंबले असता धूर व्हावा, त्याप्रमाणे रक्तातील साखर सतत वाढलेली राहिल्यास रक्तवाहिन्यांच्या पेशींत हे कण प्रमाणाबाहेर निर्माण होतात. संरक्षक द्रव्ये अपुरी पडतात. यासच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना होणाऱ्या निरनिराळ्या इजांचे समान मूळ या क्रियेत असावे, असे मत अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली मांडले. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींजवळ तर अशा संरक्षक द्रव्यांचा साठा मुळातच थोडा असतो. त्यामुळे त्या लवकर दुबळ्या होतात व साखर आणखी वाढते.

मज्जातंतू बिघडले की पाय बधिर होतात. शेतात अनवाणी काम करणाऱ्यास काटा रुतल्याचे कळत नाही, जखम चिघळते व प्रसंगी पाय गमवावा लागतो.

गोळ्यांनी काम भागते काय?

संरक्षक द्रव्यांच्या गोळ्या घेतल्या की झाले, असे कोणासही वाटेल. अनुभव मात्र तसा नाही. ‘होप’ या आंतरराष्ट्रीय प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५०० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे दररोज ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व देण्यात आले. त्यांत मधुमेही पुष्कळ होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील हृदयविकार वा पक्षाघात कमी झाला नाही. धूर हटविण्यापेक्षा सरपण आवरणे महत्त्वाचे, हाच यातील बोध होय.

आहार कसा असावा?

आवळा व पेरू यांत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते. शेवग्याचा पाला, मेथी, माठ, पालक, कडधान्ये, शेंगदाणे आणि कोंड्यासह दळलेली ज्वारी-नाचणी यांतही संरक्षक द्रव्ये आहेत, शिवाय चोथाही मिळतो. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. मात्र ज्वारी-नाचणीतही पिष्ट असतेच, म्हणून भाकरी बेताने खावी. फळ सबंध खावे, त्याचा रस काढून पिऊ नये. मोरावळा आवळ्याचाच असला तरी तो साखरेच्या पाकात मुरविलेला असतो, तेव्हा मधुमेही मनुष्याने तो वर्ज्य करावा. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा नाश कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. तंबाखूने हा ताण वाढतो, म्हणून बिडी व तंबाखू सोडावी.

आवळ्याचा रस सुरू केला म्हणून औषधे वा इन्शुलिन बंद करणे अत्यंत घातक आहे. अन्न हे औषधास साहाय्य करते, त्याची जागा घेत नाही. शेतकरी बंधूंनी प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे. मधुमेह असल्यास शेतात पायताण घालूनच वावरावे, रोज सायंकाळी पाय धुऊन तळवे नीट पाहावेत व लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी ती डॉक्टरांस दाखवावी.