अग्नीविना पाक : खान्देशातील घरगुती अपक्व वनस्पत्याहार

प्रस्तावना :

मराठीतील 'पाक', 'पचन', 'पक्व' आणि 'पिकणे' हे शब्द संस्कृतमधील 'पच्' या एकाच धातूशी नाते सांगतात. चुलीवर अन्न शिजते, पोटात ते पचते आणि अढीत आंबा पिकतो. या तिन्ही क्रिया भाषेने एकाच कुळात बसविल्या आहेत. या दृष्टीने पाहिल्यास शिजविणे म्हणजे पोटाबाहेर सुरू केलेले पचनच होय. अलीकडे शहरी सुशिक्षित कुटुंबांत कुतूहलाचा विषय ठरलेल्या 'रॉ व्हिगन' आहारात, म्हणजेच अपक्व वनस्पत्याहारात, अग्नी वर्ज्य मानला जातो. तेव्हा खरा प्रश्न असा उपस्थित होतो की, अग्नीचे काम मग कोणी करावयाचे? प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील घरगुती खाद्यव्यवहाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका :

या आहारात दोन स्वतंत्र विचार एकत्र आलेले आहेत. 'व्हिगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांसाबरोबरच दूध, दही, तूप, मध असे सर्व प्राणिज पदार्थ त्यात वर्ज्य आहेत. भारतात अशा खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र विनियम केले. कच्च्या अन्नाचा विचार याहून जुना आहे. झुरिच येथील डॉ. बिर्शर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फळे व भिजविलेले धान्य रुग्णांच्या आहारात आणले होते. साधारणतः ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापविलेले अन्न 'कच्चे' समजण्याची प्रथा आहे. ही मर्यादा व्यक्तीनुसार बदलते. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात सावलीतील पाराही ४४-४५ अंशांवर जात असल्याने, गच्चीवरील पत्र्यावर वाळत घातलेली कैरी ही मर्यादा कोणाच्या नकळत ओलांडते, हे येथे गमतीने नमूद करावेसे वाटते.

भारतातील या विषयावरील सर्वांत प्रामाणिक नोंद महात्मा गांधींची आहे. जळगाव येथे २०१२ पासून गांधी तीर्थ उभे असल्याने गांधीविचार या परिसरास अपरिचित नाही; परंतु त्यांचा १९२९ मधील कच्च्या आहाराचा प्रयोग फारसा चर्चिला जात नाही. मोड आलेला गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबू आणि मध असा आहार त्यांनी व काही आश्रमवासीयांनी सुरू केला आणि त्याची हकिकत 'यंग इंडिया'तून वेळोवेळी प्रसिद्ध केली. ऑगस्टमध्ये आमांशाच्या विकारामुळे त्यांना तो थांबवावा लागला आणि तेही त्यांनी लपविले नाही. दुधाविषयीही त्यांचा अनुभव असाच आहे. दूध सोडण्याचे व्रत घेऊनही मोठ्या आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले आणि आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ मध्ये आरोग्यावर लिहिताना दुधास समर्थ वनस्पतिज पर्याय आपल्याला सापडला नसल्याचे मान्य केले. केवळ वनस्पत्याहारातून न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी अलग केले ते १९४८ साली.

खान्देशातील अपक्व पदार्थ :

खान्देशचे खाद्यजीवन म्हणजे अग्नी व तेल असा सर्वसाधारण समज आहे. खापरावरचे मांडे, शेवभाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी या पदार्थांमुळे तो दृढ झाला आहे. तथापि याच स्वयंपाकघरात अग्नीऐवजी पाणी, काळ, दगड, मीठ व आंबट यांच्याकडून पाकक्रिया करवून घेण्याची रीतही चालत आली आहे. तिला वेगळे नाव मिळाले नाही, एवढेच. भाकरीच्या बाजूला ताटात डावीकडे पडणारी वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिले गेले.

हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून तिखट, मीठ व कच्च्या तेलासह शेतातच खाल्ले जातात. हरभऱ्याच्या पानांवर स्रवणाऱ्या आंबेमुळे त्यास वेगळ्या आंबटाची गरज भासत नाही. हीच आंब पूर्वी रात्री पिकावर फडके अंथरून दवाबरोबर गोळा केली जात असे. मेथी किंवा कांद्याची पात चिरून, मीठ-तिखट-तेल लावून हाताने कुस्करण्याचा प्रकार वऱ्हाड-मराठवाड्यात 'घोळाणा' म्हणून ओळखला जातो. येथे हाताचा दाब व मीठ मिळून पानाच्या पेशींतील पाणी बाहेर काढतात आणि राठ पाला मऊ होतो. चैत्रातील आंबेडाळीत हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजते, भरड वाटली जाते आणि किसलेल्या कैरीत मिसळते. तिला शेवटी दिली जाणारी फोडणी वगळल्यास तो पदार्थ पूर्णतः अपक्व ठरतो. उन्हाळी पापडांच्या वेळी उडदाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाण्यासाठी मुलांची जी झुंबड उडते, तीही याच परंपरेतील म्हणावी लागेल. मात्र लाटी ही एखाद-दुसरीच खाण्याची वस्तू आहे.

यांत शास्त्र दडलेले आहे. भिजविल्याने व मोड आणल्याने कडधान्यांतील फायटेटचे प्रमाण घटते व लोहाचे शोषण सुधारते. मोड येताना क जीवनसत्त्व तयार होते. लसणाचा उग्र घटक अखंड पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की पेशी फुटून तो निर्माण होतो. म्हणजे खलबत्ता हे केवळ बारीक करण्याचे साधन नाही. शेंगदाण्याचे घाण्यावर काढलेले तेल पाल्यावर घातल्यास त्यातील कॅरोटीन शरीरास अधिक मिळते.

घरगुती सर्जनशीलता :

दुधाशिवाय शिकरण हे याचे चांगले उदाहरण ठरावे. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळी घरोघरी असतात. केळी व दुधाचे शिकरण हा मुळातच न शिजविलेला पदार्थ. त्यातील अडचण फक्त दुधाची. एक वाटी कच्चे शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवून, चोळून साली काढाव्यात व दोन-तीन वाट्या पाण्यासह वाटून फडक्यातून गाळावेत. कच्च्या दाण्याचा जो किंचित हिरवट वास राहतो तो दोन खजूर व वेलदोड्याने झाकला जातो. केळ मात्र सालीवर काळे ठिपके आलेले हवे. पिकताना त्यातील बहुतेक पिठूळ भागाची साखर झालेली असते. भाषेच्या अर्थाने ते आधीच 'पक्व' असते.

मिरचीच्या ठेच्यास अधिक विचार लागतो. तव्यावर मिरची परतल्याने तिचा हिरवटपणा जातो. कच्च्या ठेच्यात तो अंगावर येतो. भिजविलेले दाणे वा तीळ, भरपूर कोथिंबीर व लिंबू घालून पाट्यावर वाटल्यास तो सौम्य होतो. अशा चटणीत मोड आलेले मूग, कैरीचे बारीक तुकडे व कांदा कालविल्यास पोटभरीचा पदार्थ तयार होतो. गाळून उरलेला शेंगदाण्याचा चोथाही यात खपतो.

याउलट शाळा-महाविद्यालयांतील 'अग्नीविना पाककला' स्पर्धांत पाव, क्रीमची बिस्किटे, डबाबंद आटवलेले दूध व चीज यांची रेलचेल आढळते. बिस्किट कारखान्याच्या भट्टीत भाजले गेले तर स्पर्धक अग्नीपासून मुक्त होतो, हे तर्कशास्त्र विलक्षण आहे. दुसरीकडे महानगरांतील अपक्व आहाराच्या पाककृती अव्होकाडो, काजू व परदेशी बियांवर उभ्या असतात. दोन्ही ठिकाणी हाताशी असलेला मूग, तीळ व दाणा दुर्लक्षित राहतो.

मर्यादा व दक्षता :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. घरात जेवणाचा प्रयोग प्रायः स्त्रीच प्रथम स्वतःवर करते, हे लक्षात घेता ही आकडेवारी या विषयात केंद्रस्थानी असली पाहिजे. लिंबू पिळलेले मोडाचे मूग लोहशोषणास साह्य करतात, हे खरे. परंतु ब-१२ मूग, पाला वा दाणे यांतून मिळत नाही. पूर्ण वनस्पत्याहार घेणाऱ्याने ते वैद्यकीय सल्ल्याने गोळीतून अथवा ते मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून घेणे अपरिहार्य आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांच्यावर संपूर्ण कच्चा आहार लादणे समर्थनीय नाही.

काही पदार्थांना अग्नी लागतोच. कच्च्या राजम्यातील विषारी प्रथिन उकळल्यानेच निष्प्रभ होते. सुरण व अळू यांतील सुईसारखे स्फटिक घसा खवखवतात. बुरशी लागलेला, काळपट वा कडू दाणा टाकूनच द्यावा. त्यातील अफ्लाटॉक्सिन भिजवून तर नाहीच, घरगुती भाजण्यानेही पुरते जात नाही. मोडासाठी लागणारी ऊब व ओल जंतूंनाही तितकीच मानवते. त्यामुळे उकळून गार केलेले पाणी, दिवसातून दोनदा धुणे व मोड येताच शीतकपाटात ठेवणे ही पथ्ये उन्हाळ्यात विशेष पाळावी लागतात.

श्रमाचा मुद्दाही दुर्लक्षून चालत नाही. मे महिन्यात दुपारी शेगडीपुढे उभे राहणे टळते, हा लाभ लहान नाही. परंतु भिजविणे, निवडणे, सोलणे, वाटणे, गाळणे ही कामे आदल्या रात्रीवर सरकतात. 'कच्चे तर खायचे, त्यात काय कष्ट?' असे म्हणणाऱ्याने एकदा वाटीभर भिजल्या दाण्यांच्या साली काढून पाहाव्यात.

राहता राहिले भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्यासही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आहे. तुराट्यांच्या वा काड्यांच्या जाळावर वांगे भाजणे, लाकडी बडगीत ते ठेचणे यावाचून भरीत संभवत नाही. कच्चे वांगे कडवट व तुरट लागते आणि त्यावर कितीही मीठ-लिंबाचा प्रयोग केला तरी भाजल्याचा धुरकट स्वाद त्यात येत नाही. मात्र याच भरितात वरून कच्ची कांद्याची पात व कोथिंबीर मूठभर पडते आणि शेजारी मुळा व कच्चा कांदा येतो. खान्देशच्या ताटात जाळावरचे व जाळाविनाचे असे शेजारी बसतात. अपक्व आहाराचा प्रयोग करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने भरिताला हात न लावता या पात-मुळ्याचा वाटा वाढवीत न्यावा, हे अधिक व्यवहार्य दिसते.