कांदा-लसणाची वाढ खुंटते तेव्हा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर व कन्नड या तालुक्यांत अनेक कुटुंबांचा वर्षाचा खर्च कांद्याच्या पिकावर चालतो. लावणीनंतर महिना-सव्वा महिना लोटावा, शेजारच्या वावरातील पात जोमाने वर जावी आणि आपली मात्र आहे तेथेच थांबावी, अशी वेळ आली की शेतकरी धास्तावतो. मग दुकानातून दोन-तीन औषधे आणून ती एकत्र फवारली जातात. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. वाढ खुंटणे हे अनेक रोगांचे व किडींचे समान लक्षण आहे. त्यांतील काहींचे मूळ पातीत, काहींचे जमिनीत, तर काहींचे लावलेल्या बियाण्यातच असते. फवारणीपूर्वी रोप उपटून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रथम संपूर्ण शेतावर नजर टाकावी. सर्व वाफे सारखेच फिके व खुजे दिसत असतील, तर नत्र, गंधक वा जस्ताची उणीव, साचलेले पाणी किंवा तणनाशकाची जादा मात्रा यांचा संशय घ्यावा. भारी काळ्या जमिनीत पावसानंतर हे नेहमीच घडते. पीक ठिकठिकाणी चकंद्या पडल्याप्रमाणे थांबले असेल, तर दोष बहुधा मुळाशी असतो. बांधाकडून आत पसरत जाणारा उपद्रव मात्र बहुतेक वेळा फुलकिड्यांचा असतो.

यानंतर चांगल्या व खुंटलेल्या भागांतील चार-सहा रोपे खुरप्याने मुळांसह काढावीत. ओढून उपटल्यास मुळे तुटून जमिनीतच राहतात आणि पाहण्यासारखे काही हाती लागत नाही. निरोगी कांद्याची मुळे पांढरी व टवटवीत असतात. ती गुलाबी होऊन पुढे जांभळट व सुरकुतलेली दिसल्यास गुलाबी मूळ हा बुरशीजन्य रोग समजावा. पात शेंड्याकडून पिवळी पडत असेल, रोप सहज हाती येत असेल आणि कांदा उभा चिरल्यावर तळाची चकती तपकिरी दिसत असेल, तर ती फ्युजॅरियम बुरशीमुळे झालेली तळकूज होय. मुळांवर बारीक गाठी असल्यास सूत्रकृमींचा उपद्रव मानावा. या तिन्ही प्रकारांत पातीवरील फवारणीचा उपयोग होत नाही. लागण झालेली रोपे काढून नष्ट करणे, पाण्याचा निचरा सुधारणे आणि त्या शेतात तीन-चार वर्षे कांदा-लसूण न घेता तृणधान्याची फेरपालट करणे हाच मार्ग उरतो. उन्हाळ्यातील खोल नांगरट, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया व गादी वाफ्यावरील रोपे यांमुळे पुढील पिकाला संरक्षण मिळते.

मुळे निर्दोष आढळल्यास पोंग्याकडे वळावे. मधली पाने अलगद फाकून पाहिली असता पिवळसर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे किडे हालताना दिसतात. हेच फुलकिडे, शेतकरी त्यांना टाक्या किंवा मुरडा म्हणतात. ते पात खरवडून रस शोषतात. त्यामुळे पातीवर प्रथम पांढरे-चंदेरी ठिपके पडतात, पुढे पात वाकडी होते आणि कांदा पोसत नाही. मादी पातीच्या आत अंडी घालते आणि कोषावस्था मातीत जाते. एका फवारणीने कीड संपत नाही, याचे कारण हेच. थंडी ओसरून हवा कोरडी व उबदार होऊ लागली की उन्हाळ कांद्यावर फुलकिड्यांचा जोर वाढतो. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनुसार दर रोपास सरासरी ३० फुलकिडे ही फवारणीची मर्यादा आहे. लावणीपूर्वी महिनाभर अगोदर शेताभोवती मक्याच्या दोन ओळी पेरल्यास बाहेरून येणाऱ्या किडीला चांगला अडसर होतो. तुषार सिंचनानेही ती कमी होते.

फुलकिड्यांकडे दुर्लक्ष करणे आता अधिक महागात पडते. १९८१ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग असलेल्या जालना परिसरात कांद्याच्या बीजोत्पादन पिकावर आयरिस यलो स्पॉट हा विषाणू आढळला. भारतातील त्याची ही पहिली नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पातीवर व फुलांच्या दांड्यावर गवती रंगाचे, चातीच्या आकाराचे चट्टे ही त्याची खूण आहे. दांडा त्या जागी मोडतो. हा विषाणू फुलकिडेच वाहून नेतात.

पावसाळी पोळ कांद्यात वेगळेच चित्र दिसते. पात दोरीसारखी पिळली जाते, मान लांबते, रोप पिवळे पडते आणि कांदा धरत नाही. हा पीळ रोग कोलेटोट्रिकम व फ्युजॅरियम या बुरशींशी निगडित आहे. सततचा पाऊस व शेतात तुंबलेले पाणी त्याला पोषक ठरते. फुलकिड्यांची मुरड समजून येथे कीटकनाशक फवारण्याची चूक वारंवार होते. पातीवर ओरखड्यासारखे चंदेरी डाग नाहीत, पण मान मात्र लांबलेली आहे, एवढे पाहिले तरी फरक कळतो.

लसणाचे दुखणे बहुधा पाकळीतूनच शेतात येते. नवे पान नीट न उघडता अडकून वेटोळे होत असेल व त्याची कड पिवळी पडत असेल, तर एरिओफाईड कोळ्यांचा संशय घ्यावा. हे कोळी नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. दहापट भिंग लागते. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाने ते आटोक्यात येतात. पानभर शिरांना समांतर पिवळे पट्टे आणि सर्वच रोप खुजे, ही लक्षणे मात्र विषाणूची होत. त्यावर औषध नाही. अशा रोपांचा लसूण कितीही स्वस्त मिळाला तरी बेण्यासाठी ठेवू नये. घरचे बेणे राखणाऱ्यांनी पीक उभे असतानाच सशक्त रोपांना खूण करावी, कारण काढणीनंतर गड्ड्यांवरून हा भेद ओळखता येत नाही.

इतके पाहूनही उलगडा न झाल्यास खुंटलेली व निरोगी अशी दोन्ही रोपे मुळांभोवतीच्या मातीसह कागदात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात व तपासणी फसते. सोबत लावणीची तारीख, वाण, आधीचे पीक आणि आतापर्यंत फवारलेल्या औषधांची नावे लिहून द्यावीत.