डेलियाचा कंद आणि डेलियाचे फूल

भारताच्या सपाट प्रदेशात डेलियाची फुले हिवाळ्यात भरास येतात आणि उन्हाचा ताव वाढू लागताच झाड सुकू लागते. बागवानाची खरी कसोटी तेथून पुढे आहे. कंद उन्हाळ्याच्या तलखीतून आणि त्यामागून येणाऱ्या पावसातून जिवंत राहिला, तरच पुढील वर्षी तेच फूल पाहावयास मिळते. बियांपासून ते मिळत नाही. बागेतील डेलियाच्या पेशींत गुणसूत्रांचे सामान्यतः आठ संच असतात. त्यांची वाटणी प्रत्येक बीजात निराळी होते. म्हणून एकाच फुलाच्या बियांतून रंगाने, आकाराने व उंचीने भिन्न अशी संतती निपजते. एखादा वाण म्हणजे वस्तुतः एकच झाड. तो राखणे म्हणजे त्या झाडाचेच अंश जगवीत राहणे होय.

हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका येथील थंड डोंगराळ मुलखातले. १७८९ साली ते माद्रिदच्या शाही उद्यानात पोहोचले, आणि १७९१ मध्ये कावानिय्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिनीअसचे शिष्य आंडर्स डाल यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. दार्जिलिंग किंवा सिमला येथे ते वसंतात लावतात व उन्हाळ्यापासून शरदापर्यंत फुलते. सपाटीवर लागवड पावसाळा सरल्यावर होते.

ज्याला व्यवहारात कंद म्हणतात, ती खरे पाहता फुगलेली मुळे होत. बटाट्याच्या अंगावर जागोजाग डोळे असतात. डेलियाच्या मुळावर एकही नसतो. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, मुळे जेथे जुळतात त्या गळ्यावर. गळ्याचा तुकडा सोडून तोडलेले मूळ कितीही टपोरे असले, तरी त्यातून कोंब येत नाही. ते जमिनीत महिनोन् महिने ताजे राहून बागवानाला आशेवर ठेवते, एवढेच.

पावसाळ्यात कंद कुजतो तो ओलाव्याने, आणि उन्हाळ्यात आक्रसतो तो अति कोरडेपणाने. यावर चांगला उपाय म्हणजे कोंबांची छाट कलमे लहान कुंड्यांत वाढवणे. दिवस लहान असताना झाड मुळांत अन्न साठविते. कुंडी लहान असल्याने मुळे आटोपशीर राहतात. वरचा भाग वाळल्यावर ती कुंडी सावलीत, पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि क्वचितच किंचित ओलावा द्यावा. नत्रयुक्त खताचा मारा केलेल्या झाडाचे कंद मात्र फार दिवस टिकत नाहीत.

रोगांपैकी मोझेक हा सर्वांत वाईट. मावा या किडीमार्फत त्याचा विषाणू पसरतो. पानांच्या शिरांलगत पिवळसर पट्टे दिसतात, झाड खुजे राहते. त्यावर औषध नाही, आणि कंद व कलमे यांतून रोग पुढे जातो. एखाद्या वाणाचे एकच झाड हाती असले, तर ते उपटून जाळणे जिवावर येते. पण ते राखणारा बागवान शेजारची सारी झाडे पणाला लावतो.

आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवावी, मागाहून रोवल्यास ती कंदात घुसते. पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर शेंडा खुडावा. फांदीच्या टोकाशी बहुधा तीन कळ्या येतात. मोठे फूल हवे असेल, तर बाजूच्या दोन काढून मधली ठेवावी. फुलदाणीसाठी मध्यम आकाराचे वाण अधिक उपयोगी, कारण थाळीएवढे फूल प्रदर्शनात शोभले तरी मेजावर लवकर मान टाकते.

डेलियाची मिटलेली कळी तोडल्यावर सहसा उमलत नाही. म्हणून फूल जवळजवळ पूर्ण उमलल्यावर, पहाटेच्या गारव्यात कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, पाणी रोज बदलावे, व त्या वेळी देठाचे टोक थोडे छाटावे. एवढी काळजी घेतल्यास फुले चार-पाच दिवस टवटवीत राहतात. मागच्या पाकळ्या मऊ पडल्या की त्यांचे आयुष्य सरत आले असे समजावे.