नवशिका चालक आणि जुनी स्पोर्टस् मोटार

जुनी, दोन दारांची, मागच्या चाकांवर धावणारी स्पोर्टस् मोटार नवशिक्याने घ्यावी काय, असे आम्हांस पुष्कळ तरुण विचारतात. दोष केवळ मागच्या चाकांचा म्हणावा, तर आमच्या पिढ्या ॲम्बॅसडर व पद्मिनीवरच शिकल्या, आणि त्याही मागच्याच चाकांवर धावत. पुढच्या चाकांनी ओढणारी मारुती ८०० आली ती १९८३ साली. परंतु पद्मिनीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे; २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘डीसी अवंती’ या देशी स्पोर्टस् मोटारीचे सुमारे २५०. खरी मेख येथे आहे.

पहिल्या पावसात कात्रजच्या घाटात, वळणावर जोर अधिक दिला की मागची चाके घसरतात. घाबरून पाय एकदम उचलला, तर भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि मोटार गर्रकन फिरते. पुढच्या चाकांची मोटार पाय उचलताच बहुधा सावरते. नव्या मोटारींत तोल राखणारी यंत्रणा पुष्कळदा असते. जुन्यांत ती क्वचितच.

म्हणून आम्ही म्हणतो, एक पावसाळा साध्या मोटारीवर काढावा. हौस मागाहून भागवावी. शेवटी घाटात समोरून येणाऱ्याचाही जीव आपल्या हाती असतो.