पाऊणपटीचा हिशेब

पेण आणि नागोठणे यांच्यामधल्या कासू स्टेशनात उभं राहिलं की समुद्र दिसत नाही. पण इथून एकट्यानं अलिबागचा कुलाबा किल्ला आणि थळसमोरचं खांदेरी अशी बेटं पाहायला निघायचं, तर रेल्वेच्या वेळापत्रकाआधी तिथी बघावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो, म्हणून हा पाऊणपट. गंमत अशी, की अष्टमीची ओहोटी सोयीच्या वेळी येते, पण ती भांगाची. पाणी फार मागे हटत नाही. कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायची वाट चांगली उघडी पडते ती पुनव-अवसेच्या उधाणात, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. एकट्यानं जाताना वेळ स्थानिकांना विचारूनच ठरवावी, हिशेब अंदाजाचाच.

खांदेरीला होडी सकाळीच बरी. दुपारी जमीन पाण्याहून जास्त तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे सुटतात. लाटा उसळायला लागतात. पावसाळ्यात तर होड्या बंदच. मला विचाराल तर ऑक्टोबरातली सकाळ निवडावी: पावसानं हवेतली धूळ धुतलेली असते, आणि खांदेरीचं दीपगृह किनाऱ्यावरूनही रेखीव दिसतं.