कोपीवरच्या बाळाचा डोस चुकू नये

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. तान्ही बाळेही सोबत जातात. नेमक्या याच थंडीच्या महिन्यांत लहान मुलांमध्ये रोटाविषाणूचे जुलाब वाढतात.

हा विषाणू अस्वच्छ हात, पाणी आणि भांड्यांमार्फत तोंडावाटे पोटात जातो आणि लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतो. आधी उलट्या व ताप, मग पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. ‘दात येत असतील’ म्हणून घरी वाट पाहिली जाते आणि बाळाच्या अंगातले पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. खरा धोका तोच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. त्यामुळे स्वतःच्या मनाने दुकानातून गोळ्या आणू नयेत.

उपचार साधा आहे : ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. आजारी आतडेसुद्धा साखर आणि मीठ जोडीने शोषून घेते व त्यांच्यामागे पाणीही आत जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणावर हजारो रुग्ण वाचवले.

पाकिटावर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात पूड मिसळावी आणि द्रावण २४ तासांत वापरावे. प्रत्येक जुलाबानंतर बाळाला पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाचे नेहमीचे अन्नही चालू ठेवावे. सोबत डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात; जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर तातडीने दवाखाना गाठावा.

रोटाविषाणूची लस २०१९ पासून महाराष्ट्रातील नियमित लसीकरणात मोफत मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तोंडावाटे देतात. इतर जंतूंचे जुलाब तिने थांबत नाहीत, पण रोटाविषाणूचा गंभीर आजार बऱ्याच अंशी टळतो. अडचण एवढीच, की दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या बाळाचे हे तिन्ही डोस गळीत हंगामातच येतात. पहिला डोस गावी झाला आणि पुढचे दोन राहून गेले, तर संरक्षण अपुरे राहते.

यावर उपाय हाताशी आहे. लसीकरणाला गावाची अट नाही. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही पुढचा डोस मिळतो. म्हणून निघताना आशाताईंना सांगावे, ओआरएसची पाकिटे मागून घ्यावीत आणि कोयत्याबरोबर बाळाचे लसीकरण कार्डही आठवणीने सोबत ठेवावे. कोपीवर पाणी झाकून ठेवावे, बाळाची शी काढल्यावर आणि भाकरी थापण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. मुकादमांनीही त्या दिवशी आईला तासाभराची मोकळीक द्यावी.