तक्रार गटारीची, भाषा आपली

मृगाचा पाऊस लागला की आमच्या गल्लीतील गटारी तुंबतात. गेल्या पावसाळ्यात घरोघरी तापाचे रुग्ण झाले आणि शाळेच्या हजेरीत खाडे वाढले. पंचायतीत कळवले का, असे आम्ही विचारले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, भिंतीवर कागद डकवलाय, पण आम्हाला कुठं वाचता येतोय? आणि आम्ही लिहून द्यायचं ते कुठल्या भाषेत?"

तो कन्नड कागद आम्ही सातवीच्या मुलांकडून वाचून घेतला. घरी पाणी साचवून डास होऊ दिल्यास दंड, असा त्यातला मजकूर. कर्नाटकात २०२४ साली डेंगी हा साथरोग म्हणून जाहीर झाला व दंडाची तरतूद आली. म्हणजे दंड आपल्याला, पण सूचना न कळणाऱ्या भाषेत!

कन्नडशी आमचे भांडण नाही. मुले ती आनंदाने शिकतात. परंतु राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. त्यामुळे मराठी अर्ज परत करणे योग्य नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्क्यांहून अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे मान्य झालेले संरक्षण आहे. ते आपण मागितले पाहिजे.

अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या नावे करावा. गटार कोठून कोठपर्यंत तुंबली, किती दिवसांपासून, हे नेमके लिहावे. एका अर्जात एकच तक्रार असावी. गल्लीतील लोकांच्या सह्या घ्याव्यात. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो.

मात्र सगळा दोष पंचायतीवर टाकून चालणार नाही. गटारीतला डास वेगळा आणि डेंगीचा वेगळा. डेंगीचा डास दिवसा चावतो व घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंप, हौद, कुंडीखालची ताटली, परसातले टायर ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा आतून घासणे आवश्यक. उंदीर-झुरळांनाही उघडे खरकटेच बोलावते.

आमच्या मुलांनी मराठीत अर्ज लिहिला, सोबत कन्नड प्रत जोडली. पोच मिळाली आणि पंधरा दिवसांत निम्मी गटार उपसली गेली. उरलेल्या निम्मीसाठी दुसरा अर्ज तयार आहे. त्यावर पहिली सही त्या आजींनी केली आहे, मराठीत.